बांगडीची भट्टी आणि चुलीचा वैल

आज इतिहासाची गोष्ट सांगणार आहे. पण राजाराणीची नाही, लढाईची नाही. आपल्या हातातल्या काचेच्या बांगडीची आहे. लग्नात हिरवा चुडा भरतो, डोहाळजेवणाला कासाराला बोलावतो, एखादी बांगडी तडकली तर "फुटली" न म्हणता "वाढवली" म्हणतो. एवढा मान ज्या वस्तूला देतो, ती कुठल्या भट्टीत तयार होते, त्या भट्टीत काय जळतं आणि कुणाच्या डोळ्यांत धूर जातो, हे मात्र आपण कधी विचारत नाही.

ही गोष्ट सांगण्याचं कारणही सांगते. आपल्या गटांनी आता पापड, मसाला, शेवया, काकवी, चिक्की यांचे छोटे उद्योग सुरू केलेत. त्यांचे हिशेब मी बघते. कच्च्या मालाचा खर्च पै-पैशाने लिहिलेला असतो. पण सरपण, गॅस, वीज, पाणी आणि वाया गेलेला माल हे सगळं शेवटच्या ओळीत "इतर खर्च" म्हणून बसतं. नफा कुठे गेला हे त्या एका ओळीत दडलेलं असतं. बांगडीच्या भट्टीवाल्यांचंही अगदी असंच होतं.

काचेची बांगडी आपल्याकडे नवी नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली उत्खनन झालं, तेव्हा तिथेही जुन्या काचेच्या बांगड्या सापडल्या. म्हणजे शेकडो वर्षांपूर्वीच्या बायकांच्या हातातही काच किणकिणत होती. पण इंग्रजी अमलात उलटंच झालं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या बोहेमिया नावाच्या प्रांतातून बांगड्या जहाजाने आपल्याकडे येऊ लागल्या. पुढे जपानचा मालही आला. माल स्वस्त आणि चकचकीत. आपले जुने काचकारागीर त्यापुढे टिकेनात.

यावर महाराष्ट्रात एक उपाय निघाला, आणि तो ऐकून तुम्हाला आपला गट आठवेल. अंताजी दामोदर काळे यांनी "पैसा फंड" सुरू केला. प्रत्येकाने एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिलं. त्या पैशांतून १९०८ साली तळेगाव दाभाडे इथे काचेचा कारखाना उभा राहिला. ईश्वरदास वार्ष्णेय नावाचे काचतज्ज्ञ तिथे होते. नुसता माल काढायचा नाही, मुलांना काचेचं काम शिकवायचं, हा त्या कारखान्याचा हेतू होता. तिथे शिकलेले लोक देशभर पांगले. वार्ष्णेय यांनी पुढे उत्तर प्रदेशात बहजोई इथे काचेचा कारखाना काढला. हात शिकला की उद्योग पसरतो, हे त्या काळातही लोकांना कळलं होतं.

पहिल्या महायुद्धात परदेशी बांगड्यांची आवक तुटली आणि देशी भट्ट्यांना वाव मिळाला. त्यात सगळ्यात पुढे गेलं ते उत्तर प्रदेशातलं फिरोजाबाद. आग्र्यापासून चाळीसेक किलोमीटरवरचं हे गाव. बांगडी म्हटलं की देशभरच्या व्यापाऱ्याच्या तोंडी आधी फिरोजाबादचं नाव येतं. आपल्या बाजारात कासाराकडे दिसणाऱ्या कितीतरी बांगड्या तिथूनच येतात.

आता बांगडी कशी होते ते ऐका. वाळू, सोडा, चुनखडी आणि रंग एकत्र करून मोठ्या मातीच्या मुशीत घालतात. अशा कितीतरी मुशी एका गोल भट्टीत बसवलेल्या असतात. आतली आच तेराशे-चौदाशे अंशांची. काच पाघळली की कारागीर लोखंडी सळईवर तिचा गोळा घेतो. त्या गोळ्यातून तार ओढतात आणि फिरत्या दांड्यावर, म्हणजे बेलनावर गुंडाळतात. स्प्रिंगसारखं वेटोळं तयार होतं. ते कापलं की सुटे वळे निघतात, पण त्यांची तोंडं उघडी आणि वाकडी असतात. इथपर्यंतचं काम कारखान्यात होतं.

पुढचं काम घराघरांत जातं. वाकडं वळं ज्योतीवर धरून सरळ करायचं, त्याला सिधाई म्हणतात. मग दोन्ही तोंडं तापवून जोडायची, ती जुडाई. हे काम रॉकेलच्या दिव्याच्या ज्योतीपुढे बसून बायका आणि पोरीबाळी करत. मजुरी तोड्यावर, म्हणजे बांगड्यांच्या जुडीवर. त्यानंतर नक्षी, सोनेरी रंग, आणि शेवटी रंग पक्का होण्यासाठी छोट्या भट्टीत भाजणं, म्हणजे पकाई. ही पकाई भट्टीही गल्लीतच, एखाद्या कुटुंबाची.

मोठी भट्टी कोळशावर चाले. ती संध्याकाळी विझवून सकाळी पेटवता येत नाही. मूस थंड झाली तर तडकते आणि आतली काच वाया जाते. म्हणून भट्टी रात्रंदिवस जळत राहते, सणाला नाही की पावसाला नाही. एवढा कोळसा जाळून त्यातली थोडीच आच काचेला लागे. बाकीची धुराड्यातून आकाशात. मालक त्याला नुकसान समजत नसे. भट्टी म्हटली की धूर आलाच, आजोबांच्या वेळेपासून असंच चाललंय, हे त्याचं उत्तर. मोजमाप कुणी केलंच नव्हतं.

मग मध्ये आला ताजमहाल. आग्रा, फिरोजाबाद, मथुरा या टापूत कारखाने वाढले होते. मथुरेला १९८२ साली तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. कोळशाच्या धुरातला गंधक हवेतल्या ओलाव्यात मिसळला की त्याचं आम्ल होतं आणि ते संगमरवराला खातं. १९८४ साली एम. सी. मेहता या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संस्थेने त्या भागातल्या प्रदूषणाचा अभ्यास करून न्यायालयाला अहवाल दिले. ३० डिसेंबर १९९६ रोजी निकाल लागला. ताजभोवतीच्या सुमारे १०,४०० चौरस किलोमीटरच्या टापूत कारखान्यांनी कोळसा आणि कोक सोडून नैसर्गिक वायूवर यावं, नाहीतर टापूबाहेर जावं, असा तो हुकूम होता.

हुकूम बरोबर होता. पण मैत्रिणींनो, हुकूम निघाला म्हणून भट्टी बदलत नाही. छोट्या मालकाकडे इंजिनिअर नसतो, जादा पैसा नसतो, आणि एक प्रयोग फसला तर महिन्याची कमाई जाते. वायूचा नळ आला तेव्हा पुष्कळांनी जुन्याच भट्टीत कोळशाच्या जागी वायूची शेगडी बसवली. धूर कमी झाला, पण आच पहिल्यासारखीच धुराड्यातून जात राहिली. इंधन बदललं, उधळपट्टी तशीच.

इथे दिल्लीची तेरी ही ऊर्जा संशोधन संस्था आणि स्वित्झर्लंड सरकारची विकास संस्था यांचं काम महत्त्वाचं ठरलं. निकालाच्या आधीपासून, १९९४-९५ च्या सुमारास, त्यांनी छोट्या उद्योगांत इंधन कुठे वाया जातं याचा शोध सुरू केला होता. काचेच्या भट्ट्या त्यात होत्या. निकालानंतर त्यांनी वायूवर चालणारी नवी भट्टी आखली. तिच्यातली युक्ती सांगते. आपल्या चुलीला वैल असतो. मुख्य तोंडावर भाकरी भाजत असते आणि उरलेली आच आतून वैलावर जाऊन तिथे आमटी उकळते. सरपण तेवढंच, काम दोन. नव्या भट्टीत धुराड्याकडे जाणारी गरम हवा आधी एका यंत्राच्या नळ्यांवरून जाते. त्या नळ्यांतून ज्वाळेला लागणारी ताजी हवा येत असते, ती वाटेतच तापते. गरम हवा मिळाली की तेवढीच आच करायला वायू कमी लागतो. शिकलेल्या इंजिनिअरांनी केलं ते हेच, भट्टीला वैल दिला.

पण हे कागदावर पटवणं सोपं आणि भट्टीवर अवघड. एका मालकाने आपल्या कारखान्यात जागा दिली, जोखीम घेतली. २००० साली पहिली भट्टी पेटली. नुसती शेगडी बदललेल्या भट्टीपेक्षा तिला जवळपास एक तृतीयांश वायू कमी लागला. मग बाकीचे मालक बघायला आले. दुसऱ्याच्या पुस्तकावर विश्वास नसतो, शेजाऱ्याच्या बिलावर असतो. पुढच्या वर्षांत एकामागून एक भट्ट्या तशा बांधल्या गेल्या. आणि त्या बांधायला गावातले मिस्त्री तयार करावे लागले. बाहेरचा तज्ज्ञ परत जातो. वीट ढासळली तर रात्री धावून येतो तो गावातला मिस्त्री. तळेगावला १९०८ साली जे कळलं होतं, तेच इथे पुन्हा कळलं.

याच काळात देशात इतरत्रही असे प्रयत्न चालले होते. १९९३ साली संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संस्थेने आणि आपल्या राष्ट्रीय उत्पादकता परिषदेने मिळून बारा छोटे कारखाने निवडले. काही शेतातल्या काडाकचऱ्यापासून कागद करणारे, काही कापड रंगवणारे-छापणारे, काही कीटकनाशकं बनवणारे. तिथे आधी कोणतंही यंत्र विकत घेतलं नाही. आधी मोजलं. पाणी किती आलं, किती गेलं, रंग किती सांडला, माल किती बाद झाला. गळका नळ, झाकण नसलेली टाकी, चुकीचं माप, अशा साध्या गोष्टींतच बरंचसं नुकसान निघालं. पुष्कळ उपायांना खर्च थोडा आणि तो लवकर वसूल झाला. पुढे याच परिषदेने "वेस्ट मिनिमायझेशन सर्कल" सुरू केली. एकाच परिसरातले, एकच माल करणारे काही मालक पाळीपाळीने एकमेकांच्या कारखान्यात जमायचे, नुकसान कुठे होतं ते बघायचे आणि उपाय सांगायचे. ऐकलंत ना? बचत गटच तो, फक्त पैशाच्या जागी वाया जाणाऱ्या मालाची बचत.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. मोठी भट्टी सुधारली, मालकाचं बिल उतरलं, ताजवरचा धूर कमी झाला. पण रॉकेलच्या दिव्यापुढे बसून जुडाई करणाऱ्या बाईचं काय? निकालाने बाहेर जाणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांच्या नोकरीचा आणि पगाराचा विचार केला होता. पण जुडाई करणारी बाई कुठल्या हजेरीपटावर नसते. पुढची कितीतरी वर्षं ती त्याच धुरात, त्याच ज्योतीपुढे बसली. पकाई भट्टीसाठीही तेरीने वायूचा नमुना तयार केला, पण गल्लीबोळातल्या एका घराने वायूचा नळ आणायचा कसा आणि पैसे भरायचे कुठून? मोठ्या कारखान्याला जमलेली गोष्ट घरातल्या भट्टीपर्यंत तितक्या लवकर पोचली नाही. संगमरवराच्या वतीने न्यायालयात उभं राहणारा कुणीतरी होता. त्या बाईच्या छातीच्या वतीने कोण उभं राहिलं?

म्हणून मला वाटतं, कमी इंधन आणि कमी धूर ही गोष्ट यंत्राची आहे, तशीच ती कोण मोजणीत धरलं जातं याचीही आहे. मोजताना आपण कोळसा मोजतो, वायू मोजतो. खोकला कुणी मोजत नाही, कारण तो "इतर खर्चात"सुद्धा लिहिलेला नसतो.

आपल्या गटांनी यातून काय घ्यावं? पहिलं, महिनाभर इंधन, पाणी, वीज आणि बाद माल यांचा वेगवेगळा हिशेब वहीत लिहा. शंभर किलो पापडाला किती सरपण किंवा किती गॅस लागला, हा आकडा काढा. दुसरं, यंत्र घ्यायच्या आधी झाकण, गळती, ओलं सरपण आणि वाया जाणारी आच बघा. तिसरं, शेजारच्या गावातल्या तोच माल करणाऱ्या गटाच्या शेडमध्ये जा, त्यांना आपल्याकडे बोलवा, आणि आकडे समोर ठेवून बोला. चौथं, केंद्र सरकारची "झेड" नावाची योजना आहे. कमी दोष आणि पर्यावरणाला कमी इजा, यासाठी ती छोट्या उद्योगांना प्रमाणपत्र देते. महिलांच्या मालकीच्या उद्योगांना या प्रमाणपत्राचा खर्च माफ केल्याचं २०२३ साली जाहीर झालं. उद्यम नोंदणी असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन तिची आजची स्थिती विचारा. आणि पाचवं, सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या गटात भट्टीपुढे, कढईपुढे, भाजणीपुढे कोण बसते? बहुतेक वेळा सगळ्यात गरीब किंवा सगळ्यात नवी बाई. सभेत नफ्याचा आकडा वाचून झाला की तिला विचारा, "ताई, धुराचा त्रास होतो का?" आणि तिचं उत्तर इतिवृत्तात लिहा. खिडकी पाडायची की धुराडं बसवायचं, हे त्या उत्तरावरून ठरवा.

पुढच्या वेळी कासाराकडे हात पुढे कराल, तेव्हा त्याला एवढं नक्की विचारा, "दादा, ही बांगडी जोडली कुणी?" त्याला माहीत नसेल. पण आपण विचारायला लागलो, की कधीतरी त्यालाही पुढे विचारावं लागेल.