हाती विणलेले पायमोजे : खंदकापासून आपल्या घरापर्यंत

"डॉक्टर, सुनेने लोकरीचे मोजे विणलेत. शुगर आहे मला, घालू का?" थंडी सुरू झाली की हा प्रश्न दरवर्षी येतो. जेऊरला थंडी ती किती, असं कोणी म्हणेल. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जाणारं आपलं गाव. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाय गार पडतात, आणि वय झालेल्यांचे जरा जास्तच पडतात. प्रश्नाचं उत्तर "घाला, पण..." असं आहे. त्या "पण"मागे शंभर वर्षांहून जुना अनुभव आहे.

लोकर आपल्याला नवी नाही. सोलापूर जिल्ह्यातले धनगर दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीची घोंगडी विणत आले आहेत, चिंचोक्याची खळ देऊन, मागावर. ती लोकर जाड आणि राठ. पाऊस अडवायला उत्तम, पण पायाच्या कातडीला टोचणारी. दोन सुयांवरचं, सुलट-उलट टाक्यांचं विणकाम मात्र इंग्रजी अमदानीत मिशनच्या आणि मुलींच्या शाळांमधून आपल्या घरांत शिरलं. जगातले फार जुने विणलेले पायमोजे इजिप्तमध्ये सापडले आहेत, अकराव्या ते चौदाव्या शतकातले. गंमत म्हणजे ते लोकरीचे नाहीत, सुती आहेत. इतक्या उष्ण देशातही माणसाला पायमोजा हवासा वाटला, हे लक्षात ठेवा. ऊब हे त्याचं एकच काम नाही. घाम टिपणं आणि चप्पल-बुटाचं घासणं अडवणं हीही त्याचीच कामं.

वैद्यकशास्त्राने मोज्याकडे गंभीरपणे पाहिलं ते पहिल्या महायुद्धात. १९१४ च्या हिवाळ्यात फ्रान्समध्ये सैनिक पाण्याने भरलेल्या खंदकांत दिवसच्या दिवस उभे होते. त्यांत सुती खाकी कपड्यांत तिथे पोचलेले हिंदी सैनिकही होते. त्या पहिल्याच हिवाळ्यात ब्रिटिश सैन्यात सुमारे २०,००० जणांना 'ट्रेंच फूट' झाला. यात बर्फ लागत नाही. पाय ओला, गार आणि न हलवता राहिला की त्याच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त पोचेनासं होतं. आधी पाय बधिर होतो, मग सुजतो, फोड येतात, आणि काहींच्या पायाची बोटं काढावी लागली. औषध असं काही हाताशी नव्हतं. उपाय सापडला तो साधा : रोज पाय तपासायचे, पुसून कोरडे करायचे, मोजे बदलायचे. पाय तपासून घेण्याची जबाबदारी अधिकाऱ्यांवर टाकली, तेव्हा हा आजार आटोक्यात येऊ लागला.

बदलायचे तर मोजे हवेत. लॉर्ड किचनेर, जो १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचा सरसेनापती होता, त्याने इंग्लंडच्या राणीमार्फत बायकांकडे तीन लाख जोड मोजे मागितले. घरोघरी सुया चालू लागल्या. मोज्याचं टोक गाठ किंवा शिवण न येता बंद करण्याच्या टाक्याला आजही किचनेरचंच नाव आहे. तो त्यानेच शोधला म्हणतात. मला ते खरं वाटत नाही. सरसेनापती हातात सुई घेऊन बसेल, हे चित्र डोळ्यांसमोर येत नाही. पण त्या टाक्यामागचं कारण अगदी खरं आहे. बोटांवर येणारी जाड शिवण मैलोन्‌मैल चालताना कातडी सोलते.

आपल्याकडे ही वेळ १९६२ मध्ये आली. चीनच्या हल्ल्याच्या वेळी हिमालयात आपले जवान सुती कपडे आणि कॅनव्हासचे बूट घालून लढले, कित्येकांना हिमदंश झाला. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले ते याच काळात. जवानांसाठी स्वेटर आणि मोजे विणण्याची लाट देशभर आली, आणि जिथे स्वेटर महिनाभरही लागत नाही अशा गावांतल्या बायकाही त्यात होत्या.

आता आपल्या भागाकडे. उजनीच्या पाण्यावर ऊस आणि केळी आली. वीज रात्रीची, त्यामुळे दारं धरणारा माणूस रात्रभर चिखलात उभा. त्याच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. हा ट्रेंच फूट नव्हे, बहुतेक वेळा बुरशी असते. पण मूळ कारण ओला पायच. घरी आल्यावर पाय धुऊन बेचक्या कोरड्या करा. ओल्या पायावर मोजा चढवू नका, मग तो कितीही प्रेमाने विणलेला असो.

मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असते. सैनिकाला शिवण टोचली तर कळायचं, तुम्हाला कळतही नाही. म्हणून घरच्या विणकराला सांगा : टोकाला गाठ नको, असलीच तर मोजा उलटा घालेन. पोटरीशी घट्ट इलॅस्टिक नको. रंग फिका ठेव, म्हणजे रक्ताचा किंवा पुवाचा डाग लगेच दिसेल. मोजा सैल होऊन चुण्या पडत असतील तर तो बाद. जाड मोज्यावर नेहमीची चप्पल-बूट आवळून घालू नका. पाय गारच वाटले तरी शेकोटी किंवा गरम पाण्याची पिशवी नको, भाजलेलं कळणार नाही. रोज रात्री तळपाय आरशात पाहा. जखम दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

विणणारीच्या हाताचंही सांगायला हवं. पहिल्या महायुद्धातच जखमी सैनिकांना खाटेवर विणकाम, टोपल्या करणं अशी कामं देऊन बरं करण्याची पद्धत रुजली. मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात कमला निंबकर यांनी १९५० मध्ये याच 'ऑक्युपेशनल थेरपी'ची भारतातली पहिली शाळा सुरू केली. मूळच्या त्या अमेरिकन, लग्नाने निंबकर झालेल्या. म्हणून बोटं आखडतात या कारणाने सुया सरसकट बंद करा, असं मी सांगत नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी हात मोकळे करा, जाड सुया घ्या, मनगट सरळ ठेवा. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होऊन झोपमोड होत असेल, किंवा सांधे सुजून लाल झाले असतील, तर मात्र विणकाम थांबवून दाखवायला या.