साचा गिरणीतला, साचा दातांचा

गिरणगावात ‘साचा’ म्हटलं की एकच गोष्ट डोळ्यांपुढे यायची, कापड विणायचा माग. कुणी दोन साचे चालवी, कुणी चार. आज त्याच लालबाग-परळमध्ये हा शब्द दातांच्या दवाखान्यात ऐकू येतो. तोंडाचं माप घेतात, त्यावरून दातांचा साचा तयार होतो आणि त्या साच्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचं पातळ कवच घडवतात. ते दातांवर चढवायचं, जेवताना काढायचं, पुन्हा चढवायचं. आठवडा-पंधरवड्याने पुढचं कवच. याला अलायनर म्हणतात. वाकडे दात सरळ करायची ही नवी रीत. पण तिच्यामागची गोष्ट जवळजवळ दोन हजार वर्षांची आहे, आणि तिचे काही धागे आपल्या मुंबईतूनही गेले आहेत.

आधी एक साधा प्रश्न. दात मुळात हलतो कसा? आपल्याला वाटतं, तो भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखा पक्का असतो. तसं नाही. दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, साधारण पाव मिलिमीटरचा. दाताला एका बाजूने हलका दाब देत राहिलं, की दात ज्या दिशेला सरकतो तिकडचं हाड हळूहळू विरतं आणि मागे मोकळ्या पडलेल्या जागेत नवं हाड भरतं. म्हणजे आपण दात सरकवतो असं म्हणतो, पण खरं तर शरीर आपलं हाड मोडून पुन्हा बांधत असतं. घाई केली, जोर जास्त लावला, तर मुळालाच इजा होते. या कामाला ताकद लागत नाही, सातत्य लागतं.

हे शरीरशास्त्र कळायच्या कितीतरी आधी माणसाच्या बोटांना ते कळलं होतं. पहिल्या शतकातल्या सेल्सस या रोमन ग्रंथकाराने लिहून ठेवलंय, की दुधाचा दात पडायच्या आधीच पक्का दात उगवला तर दुधाचा दात काढावा आणि नवा दात रोज बोटाने जागेकडे ढकलावा. माझी दादी निरक्षर होती. तिने रोमचं नावही ऐकलं नव्हतं. पण आम्हा पोरांना ती हेच सांगायची, ‘जीभ लावू नको, बोटाने दाबत जा.’ इसवी सन १०००च्या सुमारास स्पेनमधल्या कॉर्डोबाजवळ अल-जहरावी नावाचा थोर शल्यविशारद होऊन गेला. रांग सोडून उगवलेला दात कानशीने कसा घासावा आणि हलणारे दात सोन्याच्या तारेने कसे बांधावेत, हे त्याने आपल्या ग्रंथात सांगितलं. पुढे १७२८ साली पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने धातूची एक पट्टी वापरली. वाकडे दात त्या पट्टीला दोऱ्याने बांधायचे आणि ओढून घ्यायचे. तारांच्या उपचाराची ती आजीच म्हणा. मग १८९९मध्ये अमेरिकेत एडवर्ड अँगल यांनी वेड्यावाकड्या दातांची वर्गवारी मांडली आणि हा विषय स्वतंत्र शास्त्र म्हणून उभा राहिला. इथे एक महत्त्वाचा बदल झाला. आईच्या किंवा आजीच्या बोटातला दाब डॉक्टरांच्या तारेत गेला. तार एकदा बसवली की ती रोग्याला काढता येईना. दाब कुणाच्या हाती, हा या इतिहासातला कळीचा प्रश्न आहे. तो मनात धरून मुंबईला येऊ.

मुंबईच्या कष्टकरी वस्तीत दात सरळ करण्याआधी ते टिकवण्याचाच प्रश्न मोठा होता. कुणाच्या हाती कडुलिंबाची काडी, कुणाच्या मिस्वाक, कुणाच्या राखुंडी. आणि मशेरी तर घरोघरी. तव्यावर भाजलेल्या तंबाखूचा तो ठसका चाळीच्या जिन्यापर्यंत यायचा. केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ साली विको सुरू केली ती याच परळमधून, आणि त्यांची वज्रदंती पावडर आधी घरोघर फिरून विकली गेली. दात दुखू लागला तर शुक्लाजी स्ट्रीट, डोंगरी भागात चिनी दंतवैद्य असत. दात काढण्यात त्यांचा हात हलका, अशी त्यांची ख्याती. त्या काळी अनेकांनी ही विद्या वडिलांच्या किंवा उस्तादाच्या हाताखाली उचलली होती. १९४८च्या दंतवैद्यक कायद्याने नोंदणी सुरू झाली, तेव्हा पदवी नसलेल्या पण किमान पाच वर्षं हाच व्यवसाय करणाऱ्यांसाठी वेगळा ‘ब’ भाग ठेवावा लागला.

शिकलेल्या हातांची सोयही हळूहळू झाली. मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ साली सुरू झालं. बोरीबंदरामागे सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. १९६५ साली दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांची इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी स्थापन झाली. गिरणी कामगाराच्या, पोस्टमनच्या, प्राथमिक शिक्षकाच्या मुलीला तारा लागल्या असतील, तर त्या बहुधा अशाच सार्वजनिक रुग्णालयात. तिथे दोन प्रकार होते. एक पक्क्या तारांचा. पूर्वी त्यासाठी एकेका दाताभोवती पोलादी कडं बसवत. आणि दुसरी ‘प्लेट’. गुलाबी ॲक्रिलिकची, टाळूला चिकटून बसणारी, पुढे एक तार असलेली. ती काढता-घालता येई. माझ्या वर्गातला एक मित्र मधल्या सुट्टीत ती कंपासपेटीत ठेवायचा. तेव्हा ‘काढता-घालता येणारं’ हे काही एकविसाव्या शतकाचं नवल नव्हे. नवल आहे ते न दिसण्याचं.

आणि न दिसण्याला आपल्या समाजात फार किंमत आहे. आम्ही कवी दातांना कुंदकळ्या म्हणालो, मोत्यांची माळ म्हणालो, डाळिंबाचे दाणे म्हणालो. पण या उपमांची झळ कुणाला बसते, ते चाळीत दिसायचं. मुलगी दाखवायचा कार्यक्रम व्हायचा आणि दोन दिवसांनी निरोप यायचा, ‘मुलगी चांगली आहे, पण जरा दातांनी पुढे आहे.’ आमच्या मजल्यावरची एक ताई हसताना हटकून पदर तोंडावर घ्यायची. तिचं हसू अख्ख्या मजल्याला ऐकू यायचं, पण ते कुणी पाहिलेलं नव्हतं. तिला तारा लावाव्यात असं कुणाच्या मनातही आलं नाही. तारा लावल्या असत्या तर ‘हिला काहीतरी दोष आहे’ हे उलट सगळ्यांना दिसलं असतं! रोग्याला उपचाराची लाज वाटावी, ही अडचण डॉक्टरांनाही ठाऊक होती. म्हणून आधी कड्यांऐवजी दाताला चिकटणारी बटणं आली, मग दाताच्या रंगाची बटणं आली, मग दातांच्या मागच्या बाजूने तारा लावायची पद्धत आली.

अलायनरची वाट मात्र वेगळ्या दिशेने आली. १९४५ साली हॅरोल्ड केसलिंग या अमेरिकी डॉक्टरांनी रबराचा एक साचा केला. तारा काढल्यावर उरलेली थोडी सरकासरक त्यातून होई. असे साचे एकामागून एक वापरले तर दात बरेच हलवता येतील, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. पण प्रत्येक पायरीसाठी मेणात दात हाताने हलवून नवा नमुना करायचा, हे वेळखाऊ काम परवडणार कुणाला? १९६४मध्ये हेन्री नाहूम यांनी गरम प्लॅस्टिकचा पत्रा हवा खेचून दातांच्या नमुन्यावर बसवायची युक्ती दाखवली. कल्पना होती, प्लॅस्टिक होतं. कमी होती ती हजारो नमुने झटपट करण्याची.

ती कमतरता भरून काढली संगणकाने, आणि पुढाकार घेतला तो दंतवैद्य नसलेल्या दोघांनी. झिया चिश्ती हा लाहोरमध्ये वाढलेला तरुण अमेरिकेत स्टॅनफर्डला व्यवस्थापन शिकत होता. मोठेपणी त्याने तारा लावून घेतल्या होत्या. त्यानंतर वापरायची प्लेट चुकवली की दात मागे सरकतात आणि पुन्हा घातली की जागेवर येतात, हे त्याच्या ध्यानात आलं. मग सगळा उपचारच अशा प्लेटांच्या मालिकेने का करू नये? केल्सी वर्थ या सहाध्यायिनीबरोबर १९९७ साली त्याने अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी काढली. १९९८मध्ये त्यांच्या इन्व्हिजलाइनला अमेरिकी सरकारी मान्यता मिळाली. संगणकाच्या पडद्यावर दात थोडेथोडे हलवायचे, प्रत्येक पायरीचा नमुना यंत्राने छापायचा आणि त्यावर प्लॅस्टिक ओढायचं. पडद्यावर दात हलवण्याचं हे काम सुरुवातीला लाहोरमधली तरुण मुलं करत. २००१नंतर ते मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाला गेलं. अमेरिकेतल्या माणसाचं हसू लाहोरच्या संगणकावर जुळत होतं, हे मला एखाद्या गझलेच्या शेराइतकं अद्भुत वाटतं.

मूळ पेटंटांची मुदत २०१७पासून संपू लागली आणि इतरांना दार उघडलं. आता परदेशाकडे बघायचं कारण उरलेलं नाही. जानेवारी २०२५मध्ये भांडवल बाजारात आलेल्या लक्ष्मी डेंटल या मुंबईच्या कंपनीचे कारखाने मीरा रोड आणि बोईसरला आहेत. तिथे अलायनर तर होतातच, ते ज्या पत्र्यापासून बनतात तो पत्राही होतो. १९८२च्या संपानंतर एकेक करून गिरण्या थांबल्या, त्यांच्या जागी मॉल आणि कचेऱ्या आल्या. साच्यांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नसे, तिथे दातांकडे कोण बघतो? आज त्याच कामगारांची नातवंडं काउंटरमागे उभी राहतात, कॅमेऱ्यासमोर बोलतात. चेहरा हाही आता नोकरीचा भाग झालाय.

वापरणाऱ्याला काय करावं लागतं, तेही सांगतो. एकेक कवच दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवतं. ते दिवसातून वीस ते बावीस तास तोंडात हवं. पाण्याखेरीज काहीही खाता-पिताना काढायचं, दात घासून पुन्हा घालायचं. आता दर दोन तासांनी कटिंग मारणाऱ्या मुंबईकराने हे कसं जमवायचं! दादरच्या ऑफिसात काम करणारी माझी भाची म्हणते, ‘मामू, दात सरळ होतील तेव्हा होतील, माझा चहा आधी सुटला.’ सुरुवातीचे काही दिवस जीभही अडखळते. आपल्या मराठीत ‘च’ दोन आहेत. ‘चाळ’मधला दातांपाशी उमटतो, ‘चिवडा’मधला टाळूवर. भाची आठवडाभर चिवडा नीट म्हणत होती, चाळ म्हणताना मात्र तिची जीभ घसरत होती.

गंमत सोडा, पण इथे आपला तो प्रश्न पुन्हा येतो. दाब आता कुणाच्या हाती? तार डॉक्टरांच्या हाती होती. कवच रोज काढायचं-घालायचं काम रोग्याच्या हाती आलं. ही मोकळीक आहे आणि जबाबदारीही. पण काहींनी पुढचं पाऊल टाकलं, मधल्या डॉक्टरलाच जवळजवळ वगळलं. अमेरिकेत २०१४ साली स्माइलडायरेक्टक्लब ही कंपनी निघाली. घरी माप घ्या, टपालाने पाठवा, कवचं घरपोच येतील. डिसेंबर २०२३मध्ये ती बंद पडली आणि अर्ध्यावर उपचार असलेले लोक तसेच लटकले. पडद्यावर दात सुरेख सरकतो. हिरडी सुजलेली आहे का, हाड किती उरलंय, मूळ कसं आहे, हे तपासल्याशिवाय आणि क्ष-किरण चित्र पाहिल्याशिवाय कसं कळणार? काही दात अलायनरने सरळ होतच नाहीत. त्यांना ताराच लागतात, कधी जबड्याची शस्त्रक्रियाही.

शिवाय खर्च. खासगी दवाखान्यात अलायनरचा खर्च लाखाच्या घरात सहज जातो. म्हणून मला एवढंच सांगायचंय, की जाहिरात पाहून थेट कवच मागवू नका. आधी तज्ज्ञ डॉक्टरांना तोंड दाखवा. खिसा हलका असेल तर नायरची किंवा सेंट जॉर्जची पायरी चढा. तिथल्या तारा दिसतील, पण दात त्यांनीही सरळ होतात. आणि घरात एखादी मुलगी हसताना तोंडावर हात नेत असेल, तर डॉक्टरांच्या आधी एक काम आपल्याकडे आहे. तिच्या दातांवर शेरा मारणारी आपली जीभ आवरायची. त्याला ना साचा लागतो, ना पैसा.