एक दिवस, एक विषय, अनेक दिशा

दिनांक २० मार्च २००४ रोजी वसंतसंपात होता. दिवस आणि रात्र जवळजवळ समान असण्याच्या त्या दिवसाच्या आगेमागे जगातील अनेक छायाचित्रकारांनी आपापल्या गावी उभे राहून चारी दिशांची चित्रे घेतली, ती जोडून एकसंध केली आणि एकाच ठिकाणी जमा केली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील भूगोल विभागाशी संबंधित डॉन बेन आणि त्यांचे सहकारी लँडिस बेनेट यांनी सुरू केलेला हा उपक्रम म्हणजे ‘वर्ल्ड वाइड पॅनोरमा’. त्याच्याविषयी लिहिणारे बहुधा कॅमेरे, भिंगे आणि चित्रे जोडण्याच्या तंत्राविषयी लिहितात. आम्हांला मात्र तंत्राइतकेच महत्त्वाचे वाटते ते त्याचे वेळापत्रक. चित्र कोणत्या दिवशी घ्यावयाचे आणि कोणत्या विषयावर, हे ठरविणारा माणूस चित्रात कोठेच दिसत नाही; पण काय दिसावे यावर त्याचा मोठा अधिकार चालतो. हा अधिकार कसकसा बदलत गेला, तेच येथे पाहावयाचे आहे.

मराठीत पॅनोरमाला ‘विहंगम दृश्य’ म्हणण्याची सवय आहे. विहंगम म्हणजे पक्षी. परंतु पॅनोरमाचा जन्म आकाशात झाला नाही. तो जमिनीवर उभ्या असलेल्या आणि स्वतःभोवती फिरणाऱ्या माणसाच्या नजरेतून झाला. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने एडिंबरो शहराचे वर्तुळाकार चित्र काढले आणि १७८७ साली या पद्धतीचे एकस्व मिळविले. १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्याने खास गोलाकार इमारत उभारली. प्रेक्षक अंधाऱ्या वाटेने मधल्या चौथऱ्यावर येत. चित्राची वरची वा खालची कड त्यांना दिसू नये अशी योजना असे. प्रेक्षकाला हवे तिकडे वळण्याची मोकळीक होती, पण उभे राहण्याची जागा बार्करने ठरविलेली होती.

या ठरविलेल्या जागेचा अर्थ आपल्याकडच्या एका प्रसंगावरून नीट कळतो. मे १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, टिपू सुलतान मारला गेला. पुढच्याच वर्षी रॉबर्ट केर पोर्टर या तरुण चित्रकाराने त्या हल्ल्याचे सुमारे १२० फूट लांबीचे अर्धवर्तुळाकार चित्र लंडनमध्ये प्रदर्शित केले. तोवर त्याने भारत पाहिलेला नव्हता. तरीही चित्रासमोर उभ्या राहिलेल्या लंडनकराला आपण तटाच्या खिंडारापाशीच आहोत असे वाटले असेल, आणि तेही विजयी सैन्याच्या बाजूने. तटाच्या आतून ते दृश्य कसे दिसले असते, हा प्रश्न त्या चित्राच्या रचनेतच बसत नव्हता.

विसाव्या शतकात या एकाच केंद्राला पर्याय शोधण्याचे प्रयत्न झाले. ते प्रामुख्याने लेखनातून आणि साध्या छायाचित्रणातून. मक्सीम गॉर्कीने १९३४ साली सोव्हिएत लेखकांच्या परिषदेत जगाचा एक दिवस ग्रथित करण्याची कल्पना मांडली. त्यासाठी २७ सप्टेंबर १९३५ हा दिवस निवडला गेला आणि ग्रंथ १९३७ मध्ये, गॉर्कीच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. इंग्लंडमध्ये ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या चळवळीने १२ मे १९३७ हा दिवस घेतला. सहावा जॉर्ज याच्या राज्याभिषेकाचा तो दिवस. सामान्य माणसांनी त्या दिवशी काय पाहिले, ऐकले, खाल्ले याच्या नोंदी गोळा झाल्या. पुढे ६ मार्च १९८१ रोजी ऑस्ट्रेलियात शंभर छायाचित्रकारांनी एका दिवसात तो देश टिपला. या तिन्ही प्रयत्नांत पाहणारे अनेक होते. पण आलेल्या साहित्यातून काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे मोजक्या संपादकांच्या हाती होते. ग्रंथाला पानांची मर्यादा असते, त्यामुळे ते अटळही होते.

‘वर्ल्ड वाइड पॅनोरमा’ने ही मर्यादा दूर केली. तेथे स्पर्धा नव्हती. प्रत्येकाने आपले चित्र, त्याचे स्थान आणि त्याविषयीची टीप स्वतःच द्यावयाची होती. मग योजकांच्या हाती उरले काय? दोनच गोष्टी: तारीख आणि विषय. सुरुवातीच्या वर्षांत संपात आणि अयन यांच्या निमित्ताने वर्षातून चारदा आवाहन होई, आणि पूल, बाजारपेठ, पाणी, सीमा असे विषय दिले जात. वरवर पाहता हे विषय निरुपद्रवी आहेत आणि पृथ्वीवर सर्वत्र सापडतात. पण ते शब्द आहेत, आणि शब्द कोणत्या तरी भाषेतलेच असतात.

‘सँक्च्युअरी’ हाही त्यांपैकी एक विषय होता. इंग्रजीत त्यात देवळाचा गाभारा येतो, पळून आलेल्याला मिळणारा आसरा येतो आणि वन्यप्राण्यांसाठी राखलेले रानही येते. मराठीत यांसाठी गाभारा, आश्रयस्थान आणि अभयारण्य असे तीन वेगळे शब्द आहेत. या अर्थांच्या सर्वांत जवळ जाणारा आपला शब्द ‘देवराई’. पण त्यात कुऱ्हाड न लावण्याचा गावाचा संकेतही आहे, जो इंग्रजी शब्दात नाही. म्हणजे एकाच विषयावर चित्र काढणारे दोघे खरोखर एकाच विषयावर काढत असतील असे नाही. यात उपक्रमाचा दोष नाही. उलट टीप लिहिण्याची अट का महत्त्वाची होती, ते यातून कळते.

तारखेचेही तसेच. संपात कोणत्याही राष्ट्राने वा धर्माने ठरविलेला दिवस नाही, म्हणून तो सर्वांचा. आपल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेनेही हाच आधार घेतला. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार ती २२ मार्च १९५७ पासून लागू झाली, आणि तिचे वर्ष वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. मात्र घराघरांतले पंचांग वेगळेच चालते. उत्तरायणाचा सण आपण जानेवारीच्या मध्यावर संक्रांतीला साजरा करतो, तर सूर्य प्रत्यक्षात डिसेंबरच्या २१-२२ तारखेलाच उत्तरेकडे वळलेला असतो. शिवाय जूनमधील अयनदिन युरोपात लांबलचक उजेडाचा असतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर तेव्हा ढग उतरलेले असतात आणि कॅमेरा छत्रीखाली धरावा लागतो. खगोलाच्या दृष्टीने तटस्थ असलेली तारीख हवामानाच्या दृष्टीने तटस्थ राहत नाही.

हे आम्हांला केवळ वाचून कळलेले नाही. २००६ साली आमच्या महाविद्यालयातील काही विद्यार्थ्यांसह आम्ही तालुक्यापुरते असेच वेळापत्रक आखले होते. मार्चचा विषय ठरला ‘बाजार’. त्या वर्षी संपात सोमवारी आला आणि आमचा आठवडे बाजार गुरुवारी भरे. तारीख पाळावी की विषय, यावर दोन तास वाद झाला. एका विद्यार्थिनीने सुचविले की सोमवारचा रिकामा बाजारतळच घेऊ या. आम्ही ते हसण्यावारी नेले आणि गुरुवारी चित्र घेतले. फिरत्या गर्दीत एकेक चौकट टिपत गेल्याने जोडलेल्या चित्रात एकच भाजीवाली दोन ठिकाणी आली आणि एक हमाल कमरेपासून वर तेवढा उरला. तरी चित्राचे सर्वांना कौतुक वाटले.

आज त्या जागी वाहनतळ आहे. ओटे गेले, मधला कडुनिंब गेला. गर्दीआड झाकलेले ते ओटे आणि झाडाची संपाताच्या दुपारची सावली आता कोणत्याच चित्रात नाहीत. त्या मुलीला विषय आमच्यापेक्षा अधिक कळला होता. विषय देण्याचा अधिकार मात्र आमच्याकडे होता.

आमचे चित्रही पुढे उघडेनासे झाले. १९९५ च्या सुमारास आलेले ‘क्विकटाइम व्हीआर’ मागे पडले, ‘फ्लॅश’चा आधार डिसेंबर २०२० अखेर संपला, आणि त्या काळातील कितीतरी पॅनोरमांना नव्या रूपात बदलून घेणे भाग पडले. आमचे बदलून घ्यायचे राहून गेले. आमच्यापाशी उरली आहे ती विद्यार्थ्यांनी वहीत लिहिलेली टीप: गावाचे नाव, वार, वेळ, कॅमेरा कोठे ठेवला होता ते, आणि त्या दिवशीचा कांद्याचा भाव.

अशा उपक्रमाची आखणी पुन्हा कोणी करणार असेल, तर आमचे एवढेच सांगणे: तारीख सूर्याकडून घ्यावी, पण विषय गावाला विचारून ठरवावा, आणि विषय रिकामा वाटला तरी चित्र घ्यावे.