विश्रामबाग

विश्रामबाग : सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेच्या हद्दीतील उपनगर. सांगलीच्या कृष्णाकाठच्या गावठाणापासून पूर्वेला, सांगली-मिरज रस्त्यावर, सुमारे 4 किमी. दोन शहरांमधले अंतर जेमतेम 10 किमी असल्याने विश्रामबाग मध्यावर येते, तरी त्याचा कल सांगलीकडे आहे. शेजारी विजयनगर व वानलेसवाडी, उत्तरेकडे कुपवाड आणि तिथली औद्योगिक वसाहत. पुणे-मिरज लोहमार्गावर विश्रामबाग नावाचे छोटे स्थानक आहे.

बहुतेक उपनगरे शहर उतू गेल्यावर तयार होतात. विश्रामबागेत आधी संस्था आल्या, वस्ती मागाहून आली. सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची वेगवेगळी संस्थाने होती. 1801 मध्ये थोरल्या चिंतामणराव पटवर्धनांनी मिरजेतून बाहेर पडून सांगलीला राजधानी केली, तेव्हापासून दोन्ही गावे एकमेकांकडे पाठ करून वाढली. मधले माळरान मोकळेच राहिले. अशा मोकळ्या, उंचावरच्या जागेचा उपयोग दोन प्रकारच्या लोकांनी प्रथम ओळखला : शिक्षणसंस्था आणि डॉक्टर.

पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने 1919 मध्ये येथे विलिंग्डन महाविद्यालय काढले. नाव मुंबई इलाख्याचे माजी गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांचे. सोसायटीचे फर्ग्युसन पुण्यात होते. दक्षिण महाराष्ट्र आणि त्याला लागून असलेल्या कन्नड मुलखातील मुलांसाठी हे सोसायटीचे दुसरे महाविद्यालय झाले. पुढे ज्ञानपीठ मिळालेले कन्नड कवी वि. कृ. गोकाक येथे प्राचार्य होते, आणि कन्नड साहित्याचे इतिहासकार रं. श्री. मुगळी यांनी दीर्घकाळ येथे कन्नड शिकवले. मराठी वाचकाला आज सांगली म्हटले की नाटक आणि हळद आठवते. कन्नड साहित्याच्या इतिहासातही सांगलीचे नाव येते ते या माळावरच्या महाविद्यालयामुळे, याची आठवण गावात फारशी निघत नाही.

डॉक्टरांचा वाटा शेजारच्या वानलेसवाडीत दिसतो. मिरजेचे मिशन रुग्णालय उभे करणारे डॉ. विल्यम वानलेस यांच्या नावाची ही वस्ती. क्षयावर औषध नव्हते, कोरडी हवा आणि विश्रांती हाच उपचार होता, त्या काळात मिशनने येथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम चालवले. आता त्याच पट्ट्यात भारती विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे.

1947 मध्ये धोंडूमामा साठे यांनी न्यू इंजिनिअरिंग कॉलेज सुरू केले. वालचंद उद्योगसमूहाच्या मदतीनंतर 1955 पासून ते वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. राज्यातील जुन्या अभियांत्रिकी महाविद्यालयांपैकी हे एक. पुणे-मुंबईबाहेर तर अशी फारच थोडी होती. विलिंग्डन आणि वालचंद यांच्या आवारांनी विश्रामबागेचा चेहरा ठरवला : मोठी झाडे, लांब कुंपणे, वसतिगृहे, खाणावळी, आणि प्राध्यापकांचे एकमजली बंगले. ते बंगले आता एकामागून एक पाडले जात असून त्या जागी सदनिका उभ्या राहत आहेत.

1948 मध्ये संस्थाने विलीन झाली. 1949 मध्ये साताऱ्याचा दक्षिण भाग आणि विलीन संस्थाने मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. जिल्ह्याचा कारभार दीर्घकाळ गावठाणातल्या राजवाड्याच्या परिसरातून चाले. आता जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा न्यायालय विजयनगरात आहेत. वकील, मुद्रांकविक्रेते आणि टायपिंगवाले न्यायालयामागोमाग आले. तारखेला आलेला जत किंवा आटपाडीचा पक्षकार आता जुनी सांगली न पाहताही परत जाऊ शकतो.

कारभाराच्या या सरकण्यामागे जागेची टंचाई आहे, तशीच कृष्णाही आहे. तिच्यावरच्या आयर्विन पुलाजवळची धोक्याची पातळी 45 फूट. 2005 मध्ये पाणी 53 फुटांवर गेले, 2019 मध्ये 57 फुटांच्या वर, आणि 2021 मध्ये पुन्हा 50 ओलांडले. या पुरांत गावठाण आणि नदीलगतच्या वसाहती बुडाल्या. विश्रामबाग नदीच्या पुरापासून सुरक्षित राहिले आणि पूरग्रस्तांच्या तात्पुरत्या निवाऱ्याची सोय याच बाजूला झाली. तेव्हापासून सांगलीत घर घेताना विचारला जाणारा पहिला प्रश्न पाणी कुठपर्यंत आले होते हा असतो, आणि विश्रामबागेतल्या जागांचा भाव बऱ्याच अंशी त्या उत्तरावर टिकून आहे.

पूर नसला तरी पाण्याचा प्रश्न सुटलेला नाही. परिसरातल्या सखल भागांत शेतजमिनींचे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पडून वसाहती झाल्या. रस्ते आणि गटारे त्यांच्या मागून, काही ठिकाणी अजूनही यायची आहेत. राज्याने 2001 मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला, त्याचा मोठा लाभ सांगलीसारख्या शहरांना झाला. कायद्याने कागद सरळ केले, उतार नव्हे : काळ्या मातीत पावसाचे पाणी साचते ते साचतेच.

मीटरगेजच्या काळात सांगली ही मिरजेहून फुटणारी शाखा होती. 1970 च्या सुमारास मार्ग रुंद झाला तेव्हा पुणे-मिरज मुख्य लोहमार्गच सांगली-विश्रामबागमार्गे नेण्यात आला. तरी रोजच्या प्रवासाचा भार रस्त्यावरच आहे. एसटीच्या शहर बस, वडापच्या खासगी गाड्या आणि रिक्षा सांगली-मिरज रस्त्यावर सतत धावतात, आणि सांगलीकडून शंभर फुटी रस्ता या भागाला जोडलेला असल्याने त्याच्या दुतर्फा दुकाने, रुग्णालये आणि खाद्यगृहांची गर्दी झाली आहे.

1998 मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड एकत्र करून महानगरपालिका झाली. 2011 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या सुमारे 5 लाख होती. तिन्ही गावांना हे लग्न मनापासून मानवलेले नाही. निधी कुणाला किती, यावर तक्रारी चालूच असतात. विश्रामबाग मात्र या जोडणीमुळे आपोआप मधोमध आले. नाट्यगृह, गणपती मंदिर, सराफकट्टा आणि हळदीचा बाजार यांपैकी काहीही येथे हललेले नाही. दिवाळीच्या खरेदीला आणि गणेशोत्सवाला विश्रामबागकर अजून पश्चिमेकडेच जातात.