गणकप्रणाली, घरगुती संगणकावरील

घरच्या संगणकावर आकडेमोड करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, बोलण्यात नुसते ‘कॅल्क्युलेटर’ म्हटल्या जाणाऱ्या आज्ञावली. संगणकासोबत आलेली अशी आज्ञावली किराण्याच्या हिशेबाला पुरते. मात्र मोठ्या संख्या, लांबलचक सूत्रे किंवा जमिनीची मोजमापे हाताळताना तिच्या मर्यादा कळू लागतात आणि अधिक चांगल्या साधनाचा शोध सुरू होतो. हा शोध बटणांच्या संख्येवरून करू नये. संख्या आत कशी साठवली जाते आणि क्रियांचा क्रम कसा पाळला जातो, या दोन गोष्टी आधी तपासाव्यात.

पुष्कळ आज्ञावली आणि एक्सेलसारखी हिशेबपत्रके संख्या ६४ द्विमान अंकांत साठवतात. संख्येचा नेमकेपणा ५३ द्विमान अंकांइतका असल्याने दशमान पद्धतीत सुमारे १५ ते १६ अंकांपुरतीच खात्री मिळते, आणि ०.१ सारखा साधा अपूर्णांकही द्विमान रूपात पूर्णपणे बसत नाही. याउलट ‘यथेच्छ अचूकते’च्या आज्ञावली, म्हणजे स्मृती पुरेल तितके अंक जपणाऱ्या, पूर्णांकांचे उत्तर शेवटच्या अंकापर्यंत बरोबर देतात.

हा फरक पारखण्यासाठी फार उपयुक्त ठरणारे उदाहरण चाळीसगाव परिसराशी नाते असलेल्या गणितज्ञ भास्कराचार्यांचे आहे. ११५० मध्ये पूर्ण झालेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’च्या बीजगणित भागात त्यांनी असा वर्ग शोधला, की त्याला ६१ ने गुणून १ मिळवल्यावर पुन्हा पूर्ण वर्गच यावा. चक्रवाल, म्हणजे त्याच पायऱ्या पुन्हा पुन्हा करत उत्तराकडे नेणाऱ्या, पद्धतीने मिळणारे सर्वांत लहान उत्तर म्हणजे २२६१५३९८० आणि १७६६३१९०४९ ही जोडी. हाच प्रश्न पाच शतकांनंतर, १६५७ मध्ये, फेर्मा यांनी युरोपातील गणितज्ञांपुढे ठेवला. दुसऱ्या संख्येच्या वर्गातून पहिलीच्या वर्गाची ६१ पट वजा केली, तर उत्तर १ यायला हवे. एक्सेलमध्ये ते ० येते, कारण दोन्ही बाजूंच्या १९ अंकी संख्या साठवताना सारख्याच होऊन बसतात.

विंडोजमधील कॅल्क्युलेटर वैज्ञानिक रूपात वरील परीक्षेत उत्तीर्ण होतो. त्याच्या साध्या रूपात मात्र क्रिया टंकलेल्या क्रमानेच होतात, त्यामुळे २ + ३ × ४ चे उत्तर १४ ऐवजी २० येते. बिलाची बेरीज करणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये या आज्ञावलीची मूळ संहिता सर्वांसाठी खुली केली. लिनक्सवर ‘बीसी’ ही १९७० च्या दशकातील युनिक्सपासून चालत आलेली आज्ञावली कितीही मोठे पूर्णांक हाताळते, परंतु तिच्या सवयी वेगळ्या आहेत: दशांश स्थळे ठरवून दिली नाहीत, तर ७ ÷ २ चे उत्तर ती ३ देते, आणि % हे चिन्ह तिथे शेकडेवारीचे नसून भागाकारातील बाकीचे आहे. स्पीडक्रंच आणि क्वालक्युलेट या दोन्ही विनामूल्य असून आधीची सर्व आकडेमोड पडद्यावर राखतात, त्यामुळे चूक नेमकी कोणत्या ओळीत झाली ते मागे जाऊन पाहता येते. रोजच्या कामात हा गुण अंकांच्या संख्येइतकाच महत्त्वाचा आहे.

क्वालक्युलेटमध्ये वापरणाऱ्याला स्वतःची एककेही भरता येतात, आणि खानदेशातील शेतकरी कुटुंबांसाठी हीच सोय मोलाची ठरते. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर व आर यांत असते, तर बोलण्यात आणि व्यवहारात एकर व गुंठे चालतात. ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फुटांचा गुंठा सुमारे १०१.१७ चौरस मीटर भरतो. १०० चौरस मीटरचा आर आणि गुंठा एकच धरले, तर ५ एकरांच्या, म्हणजे २०० गुंठ्यांच्या शेतात सुमारे २३४ चौरस मीटर, म्हणजे दोन गुंठ्यांहून अधिक जमिनीचा फरक पडतो. गुंठा हे एकक एकदा नीट भरून ठेवले, की पुढे गुंठ्यांचे आर थेट करून घेता येतात.