मंदी महाग झाली की...

मी हिंगणघाटचा. फोनवर निफ्टीचा पुट-कॉल रेशो पाहताना मला आमच्याकडचा कापूस आठवतो. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडकला आणि वर्धेकडच्या कापसाला मागणी आली.

पुढे मुंबईच्या कापूस बाजारात 'तेजी' आणि 'मंदी' लावायचे. थोडी रक्कम मोजायची आणि ठरल्या भावाने घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क मिळवायचा. आजचे कॉल-पुट हेच. मंदी महागली, म्हणजे भाव पडण्याची भीती वाढली. 1952 च्या वायदे कायद्याने मालातले असे सौदे बंद केले. निफ्टीवर ऑप्शन आले 2001 मध्ये.

पुट कॉलपेक्षा जास्त झाले, की रेशो एकच्या वर जातो. लोक म्हणतात, बाजार घाबरलाय. पण प्रत्येक पुट कुणीतरी विकलेलाही असतो, आणि तो विकणारा बहुधा निर्धास्त असतो. म्हणून हा आकडा एकटा वाचू नये.

शिवाय तो फक्त सौदा करणाऱ्यांचं मन सांगतो. बाबा कापसाची गाडी घेऊन बाजार समितीत रात्रभर जागायचे, ती धास्ती कुठल्याच रेशोत नव्हती.