दोन रुपयांचा जामीन

काठेवाडातील एका अस्पृश्य शाळामास्तराचे पत्र 12 डिसेंबर 1929 च्या 'यंग इंडिया'त छापून आले. पुढे बाबासाहेबांनी ते 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या आपल्या आठवणींत घेतले. मास्तराची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत पाऊल टाकायला तयार नव्हता. अखेर बाळंतिणीलाच वस्तीबाहेर आणले गेले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याच्या हाती दिला, नवऱ्याने बायकोला लावला आणि तो त्याच वाटेने परत गेला. औषध आले, पण ती बाई वाचली नाही.

विटाळाचा हा थर्मामीटर आपण भाषणांतून अनेकदा सांगतो आणि तो सांगितलाच पाहिजे. परंतु त्याच पत्रातील दुसरी गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. डॉक्टर घराबाहेर पडला तो नगरशेठने त्याच्या दोन रुपये फीचा जामीन घेतल्यावर. म्हणजे दवाखान्याला दारे दोन होती. एका दारात विटाळ उभा होता, दुसऱ्या दारात पैसा. पहिले दार संविधानाच्या 17 व्या कलमाने निदान कायद्यापुरते उघडले. दुसऱ्या दाराचा इतिहास मात्र आपण फारसा तपासलेला नाही.

बाबासाहेबांच्या ह्याच आठवणींत 1934 चा दौलताबाद किल्ल्यावरील हौदाचा प्रसंग आहे. हे दौलताबाद आणि वेरूळ मागे टाकून पुढे गेले की कन्नड तालुका लागतो. पिशोर त्याच तालुक्यातले. सप्टेंबर 1948 पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. मराठवाड्यातील पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय औरंगाबादला (आजच्या छत्रपती संभाजीनगरला) निघाले ते 1956 साली. त्याचे रुग्णालय म्हणजेच आपली 'घाटी'. मोठे ऑपरेशन म्हटले की पिशोरच्या भूमिहीन माणसाला घाटीचीच वाट माहीत. घाटीने किती जीव वाचवले ह्याची गणती नाही, आणि घाटीला नावे ठेवणाऱ्यांनी ती नसती तर काय झाले असते ह्याचाही विचार करावा. पण सरकारी दवाखान्यात जाणेसुद्धा फुकट नसते. गाडीभाडे, बाहेरून आणायची औषधे, सोबत्याचे खाणे आणि दोघांची बुडालेली मजुरी हा खर्च केसपेपरवर लिहिला जात नाही. जमीनवाला एकर-दोन एकर गहाण टाकतो. भूमिहीनाजवळ गहाण टाकायला येत्या वर्षाची मेहनत तेवढी असते. बायकोच्या दुखण्यासाठी उचल घेऊन सालदार राहिलेला माणूस ही काही कादंबरीतली कल्पना नव्हे.

हे बदलण्याचे दोन आराखडे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर तयार झाले होते. 1943 साली नेमलेल्या भोर समितीने 1946 मध्ये अहवाल दिला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचाराला मुकता कामा नये, हे तिचे तत्त्व होते. दुसरा आराखडा प्रा. अडारकर ह्यांचा, औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा. तो 1944 साली सरकारला सादर झाला तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. हा विषय त्यांना नवा नव्हता. 1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी ह्या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा अशी बाजू मांडली होती.

अडारकरांच्या आराखड्यातून 1948 चा राज्य कामगार विमा कायदा आला. तेव्हा मजूरमंत्री जगजीवनराम होते. आजारपणातील उपचार तर आहेतच, शिवाय बुडालेल्या मजुरीचा काही भागही हक्काने मिळतो, ही ह्या कायद्याची थोरवी. पण त्यातील 'हंगामी कारखान्या'ची व्याख्या वाचावी. कापसाचे जिनिंग, भुईमुगाची टरफले काढणे, साखर आणि गूळ तयार करणे: असे कारखाने कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले गेले. शेतमजूर मुळातच बाहेर होता. मराठवाड्यातील दलित मजुराच्या हाताला जे काम मिळे, त्याचीच ही यादी म्हणायची! मुंबईच्या गिरणीत लागलेला आपला माणूस विम्यात आला; गावी राहिलेला त्याचा भाऊ नगरशेठच्या जामिनावरच राहिला. आणि भोर समितीचा रस्ता तर अर्ध्यावरच सोडून दिला गेला.

मग फार उशिरा कार्डे आली. महाराष्ट्रात 1997 साली जीवनदायी योजना निघाली. 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत मराठवाड्यातला एकटा नांदेड होता. बाकीच्या जिल्ह्यांची पाळी नोव्हेंबर 2013 मध्ये आली. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण आणि 971 उपचारांची यादी असे तिचे स्वरूप होते. 2017 मध्ये तिला महात्मा जोतिबा फुल्यांचे नाव दिले गेले, 2020 मध्ये केंद्राच्या योजनेशी तिची सांगड घातली गेली आणि 2023 च्या निर्णयाने संरक्षण पाच लाखांवर नेले गेले. हृदयाला छिद्र असलेली मुले, डायलिसिसवरची माणसे, कर्करोगाचे रुग्ण ह्यांना तिचा आधार झाला आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

तरीही ही योजना काय ओळखते, हे पाहावे लागेल. ती यादीतले ऑपरेशन ओळखते. बाईच्या अंगावरून पांढरे जाते, कंबर धरते, ताप उतरत नाही, हे तिच्या यादीत बसत नाही. भरती होण्याआधीची सहा महिन्यांची फरफट तिच्या हिशेबात नाही आणि बुडालेली मजुरीही नाही. 1948 च्या कायद्याने गिरणीकामगाराला जे दिले, ते ऊसतोड बाईला पाच लाखांच्या कार्डानेही मिळत नाही.

ह्याचा परिणाम बीडमध्ये दिसला. ऊसतोड महिलांची गर्भाशये काढली जात असल्याचा बोभाटा झाल्यावर 2019 साली सरकारने नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 82,309 महिलांच्या पाहणीत 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहा बायांत एक! फडात पाणी नाही, आडोसा नाही. जंतुसंसर्ग साधाच असतो. पण तो बरा करायला वेळ कोण देणार? एक खाडा झाला की कोयत्याला, म्हणजे जोडप्याला, पाचशे रुपयांपर्यंत दंड. त्यात 'कॅन्सर होईल' ही डॉक्टरची धमकी. पिशवी काढली की पाळीही नाही आणि खाडाही नाही, असा हा हिशेब. पैसे बहुधा मुकादमाच्या उचलीतून आले आणि ते फेडायला तीच बाई पुन्हा मोळी उचलायला गेली. काठेवाडात नगरशेठ जामीन राहिला होता. बीडच्या फडात मुकादम राहिला.

बीडचे हे पाप विमा कार्डाच्या माथी मारता येणार नाही, तेथे पैसा उचलीचा होता. पण कार्ड आले म्हणजे प्रश्न सुटला, असेही समजू नये. बिहारमध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या कार्डावर अशाच अनावश्यक शस्त्रक्रिया झाल्याच्या तक्रारी 2012 मध्ये पुढे आल्या आणि हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 2023 मध्ये न्यायालयाने सर्व राज्यांना नियमावली अमलात आणण्यास सांगितले. दवाखान्याला आजार बरा करण्याचे पैसे मिळत नसतील आणि कापण्याचे मिळत असतील, तर तो काय करील? पैसा उचलीचा असो की विम्याचा, शरीर त्याच बाईचे पणाला लागते.

ज्यांच्या नावाने ही योजना चालते त्या फुल्यांच्या घराचाही एक दवाखाना होता. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाई आणि डॉ. यशवंत ह्यांनी तो हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर काढला. रोगी दारात येण्याची वाट न पाहता सावित्रीबाई त्याला आणायला जात. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून आणले, आणि 10 मार्च 1897 रोजी त्याच रोगाने त्या गेल्या.

सरकारी पाहण्या खर्चाचा आकडा देतात. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातील एका भरतीचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात सुमारे 4,300 आणि खाजगीत सुमारे 27,300 रुपये निघाला. हे पैसे आणताना कोणती शेळी विकली, कोणती मुलगी शाळेतून काढली, कोण किती साल गहाण पडला, हे त्या तक्त्यात नाही. ते मुकादमाच्या वहीत आहे आणि वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी पिशोरपासूनच सुरुवात करावी. घरटी दोन प्रश्न पुरेत: ऑपरेशन कोणाचे झाले, आणि जामीन कोण राहिला?